डोळ्यांचा दाह आणि दाहशामक थेंब

पावसाळा ओसरून भाताची कापणी-मळणी सुरू झाली की गावच्या फार्मसीत डोळ्यांची तक्रार घेऊन येणारी माणसे हमखास दिसू लागतात. अशाच एका सायंकाळी तीन माणसे एकापाठोपाठ तेथे आली, अशी कल्पना करू. पहिला दहा वर्षांचा शाळकरी मुलगा, आईबरोबर आलेला. त्याचे डोळे वर्षातून अनेकदा खाजतात, लाल होतात आणि त्यांतून दोऱ्यासारखा चिकट स्राव येतो. दुसरी शेतकरी स्त्री. दोन दिवसांपूर्वी मळणीच्या वेळी भाताचे तूस उडून तिच्या डोळ्यात गेले. डोळा लाल असून सारखा ठणकतो आहे. तिसरे एक निवृत्त शिक्षक. त्यांचा उजवा डोळा कालपासून आतून दुखतो, उजेड सोसवत नाही आणि अक्षरे धूसर दिसतात.

तिघांचीही मागणी एकच आहे. शेजाऱ्याचा डोळा ज्या थेंबांनी एका दिवसात पांढरा झाला, तीच बाटली त्यांना हवी आहे. वरवर पाहता मागणी वावगी नाही. तिघांचाही डोळा लाल आहे, तिघांनाही त्रास होतो आहे आणि त्या बाटलीने तिघांनाही प्रथम थोडाबहुत आराम वाटेल, हेही खरे. परंतु त्याच बाटलीने एकाची दृष्टी वाचेल, एकीचा डोळा कदाचित कायमचा जाईल आणि एकाची दृष्टी काही वर्षांत, कोणाच्या ध्यानीही न येता, हळूहळू क्षीण होईल. असे का होते, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दाह म्हणजे काय?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने दाहाची चार लक्षणे नोंदविली आहेत : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. पुढे वैद्यकाने त्यांत पाचव्या लक्षणाची भर घातली. ते म्हणजे त्या अवयवाचे कार्य बिघडणे. डोळ्याच्या बाबतीत कार्य बिघडणे याचा अर्थ दिसणे कमी होणे, हे वाचकांनी आरंभीच ध्यानात ठेवावे.

दाह हा स्वतंत्र रोग नाही. ती शरीराची प्रतिक्रिया आहे. जंतू शिरले, इजा झाली, न सोसणारा पदार्थ लागला किंवा शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटली, तर त्या जागी रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरतो आणि पांढऱ्या रक्तपेशी तेथे जमा होतात. या घडामोडींचा संदेश पोहोचविणारी काही रसायने असतात. इजा झालेल्या पेशींच्या आवरणातील स्निग्ध द्रव्यांपासून ॲराकिडॉनिक आम्ल सुटे होते. त्यावर सायक्लोऑक्सिजनेज या एंझाइमाची क्रिया होऊन प्रोस्टाग्लँडिने तयार होतात. दुसऱ्या मार्गाने त्यापासून ल्युकोट्राइने बनतात. लाली, सूज व ठणका यांच्या मुळाशी या रसायनांचा मोठा वाटा आहे.

दाहशामक औषध या संदेशवहनात अडथळा आणते. दाह कशामुळे झाला याची ते चौकशी करीत नाही. जंतूंशी लढण्यासाठी उठलेला दाह आणि विनाकारण उठलेला दाह ही दोन्ही त्यास सारखीच. या औषधाचे सामर्थ्य आणि त्याचा धोका या दोहोंचा उगम येथेच आहे.

डोळ्यात कोठे दुखते?

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर व पापण्यांच्या आतल्या बाजूस एक पातळ, ओलसर अस्तर असते. त्यास नेत्रश्लेष्मला म्हणतात. डोळे येतात ते या अस्तराच्या दाहामुळे. अशा वेळी टोचते, चुरचुरते, पापण्या चिकटतात. परंतु ठणका क्वचितच असतो आणि चिपड पुसल्यावर दृष्टी पूर्ववत असते.

त्याच्या पुढे, घड्याळाच्या काचेप्रमाणे बसविलेले, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे पारदर्शक पटल असते. व्यवहारात आपण त्यास बुबुळाची काच म्हणू. या पटलात रक्तवाहिन्या नाहीत, पण संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे अतिशय दाट आहे. म्हणून तेथे उठलेला लहानसा ओरखडाही माणसास अस्वस्थ करून सोडतो. या पटलावर व्रण होऊन तो बरा झाला तरी मागे पांढरा डाग राहू शकतो. त्यालाच लोकभाषेत फूल पडणे म्हणतात.

काचेच्या मागे रंगीत पडदा, म्हणजे परितारिका, आणि तिच्या मध्यभागी बाहुली असते. या पडद्यास दाह झाला की दुखणे खोलवर जाणवते, उजेडाकडे पाहवत नाही, काचेच्या कडेभोवती जांभळट लाल कडे दिसते आणि बाहुली आकसते. सूजलेली परितारिका मागच्या भिंगास चिकटली तर बाहुली वेडीवाकडी होते आणि पुढे डोळ्यातील द्रवाचा मार्ग अडून दाब वाढू शकतो.

लाली एकच, पण तिचे घर वेगवेगळे. ते घर कोणते, हे दुकानाच्या फळीपलीकडून पाहून ओळखता येत नाही.

दोन प्रकारचे दाहशामक थेंब

डोळ्यात घालावयाच्या दाहशामक थेंबांचे मुख्यतः दोन वर्ग आहेत.

पहिला वर्ग स्टेरॉइडांचा. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या रुग्णास कॉर्टिसोन दिले आणि त्याचा परिणाम पाहून वैद्यकविश्व थक्क झाले. हे द्रव्य वेगळे करण्याच्या कामी एडवर्ड केंडॉल यांचे परिश्रम होते. या दोघांना आणि स्वित्झर्लंडमधील ताडेउश राइखश्टाइन यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढील काही वर्षांतच या कुळातील औषधे नेत्रवैद्यकातही रूढ झाली. आज प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट ही नावे बाटल्यांवर आढळतात. ही औषधे दाहाची साखळी अगदी वरच्या कडीपाशी तोडतात. त्यामुळे प्रोस्टाग्लँडिने व ल्युकोट्राइने या दोन्हींची निर्मिती मंदावते आणि पांढऱ्या रक्तपेशींची हालचालही आवरली जाते.

दुसरा वर्ग स्टेरॉइडविरहित दाहशामकांचा. ॲस्पिरिन हे प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते, हे जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. प्रोस्टाग्लँडिनांवरील संशोधनाबद्दल वेन, बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएल्सन यांना १९८२ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. ॲस्पिरिनच्याच रीतीने काम करणारी फ्लर्बिप्रोफेन, डायक्लोफेनॅक, किटोरोलॅक, नेपाफेनॅक, ब्रोमफेनॅक ही औषधे थेंबांच्या रूपात मिळतात. ती साखळीची एकच कडी तोडतात, म्हणून त्यांचा जोर स्टेरॉइडांहून कमी असतो.

स्टेरॉइड थेंब : योग्य जागी वरदान

आपल्या कथेतील निवृत्त शिक्षकांकडे प्रथम पाहू. त्यांना परितारिकेचा दाह झाला आहे. येथे स्टेरॉइडचे थेंब हाच प्रमुख उपचार होय. डॉक्टर ते आरंभी तासातासाने घालावयास सांगतात, त्याबरोबर ॲट्रोपिन किंवा होमॅट्रोपिन यांसारखे बाहुली मोठी करणारे औषध देतात आणि दाह ओसरेल तसतसे थेंबांचे प्रमाण पायरीपायरीने कमी करतात. बाहुली मोठी ठेवल्याने आतील स्नायूंचा ताठा सुटून दुखणे कमी होते आणि परितारिका भिंगास चिकटण्याचे टळते. उपचारास उशीर झाला तर या गुंतागुंतीने दृष्टी जाऊ शकते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्णांस स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे, कमी कमी होत जाणाऱ्या प्रमाणात दिले जातात, ते याच कारणास्तव. डोळा पांढरा झाला म्हणून ते मध्येच बंद करणे योग्य नाही, कारण दबलेला दाह पुन्हा उसळतो. उलट, उरलेली बाटली चांगली आहे म्हणून ठरलेल्या मुदतीपलीकडे चालू ठेवणे किंवा दुसऱ्यास देणे हेही तितकेच घातक आहे. आरंभी सांगितलेल्या शेजाऱ्याची बाटली अशाच शस्त्रक्रियेनंतर उरलेली असणे सहज शक्य आहे.

तेच थेंब, अयोग्य जागी

आता त्या शेतकरी स्त्रीचा विचार करू. भाताचे तूस, उसाचे पाते, काडी, काटा अशा वनस्पतिजन्य वस्तूंनी बुबुळाची काच खरचटली तर बुरशीचा शिरकाव होण्याचा संभव असतो. उष्ण व दमट प्रदेशांत बुरशीजन्य व्रण हे अंधत्वाचे एक महत्त्वाचे कारण आहे, आणि त्याचा फटका मुख्यतः शेतात राबणाऱ्या माणसास बसतो. कुळागरात काम करणारा मजूर आणि माडावर चढणारा पाडेली यांनाही हा धोका असतोच.

अशा डोळ्यात स्टेरॉइडचा थेंब पडला की प्रथम बरे वाटू शकते. लाली उतरते, ठणका कमी होतो. परंतु लाली आणि ठणका ही बुरशीशी चाललेल्या झुंजीची खूण होती. झुंज थांबली, शत्रू मात्र राहिला. त्यास आता अडविणारे कोणी नाही. काही दिवसांनी व्रण खोल जातो, काच वितळू लागते, प्रसंगी तीस छिद्र पडते. बुरशीवर नॅटामायसिनसारखे वेगळे औषध लागते आणि ते कित्येक आठवडे, चिकाटीने घालावे लागते. पहिल्याच दिवशी योग्य निदान झाले तर जो डोळा वाचला असता, तो आठवडाभराच्या खोट्या आरामापायी गमवावा लागतो.

हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचीही गोष्ट अशीच. हा विषाणू बुबुळाच्या काचेवर झाडाच्या फांदीसारखा व्रण निर्माण करतो. साध्या डोळ्यांना तो दिसतही नाही. त्यावर केवळ स्टेरॉइड घातले तर फांद्या पसरून नकाशासारखा मोठा व्रण होतो. काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांच्या दुखऱ्या, लाल डोळ्यालाही हाच इशारा लागू आहे.

दुखत नाही तो धोका

उरला तो शाळकरी मुलगा. त्याचे दुखणे ॲलर्जीचे आहे. धूळ, परागकण, उष्ण हवा यांनी ते उसळते आणि बहुतेक मुलांत वयात येण्याच्या सुमारास आपोआप ओसरते. त्याच्या आईने एकदा डॉक्टरांकडून स्टेरॉइडचे थेंब आणले. खाज दोन दिवसांत थांबली. पुढच्या खेपेस डॉक्टरांकडे जाण्याऐवजी रिकामी बाटली दुकानात दाखविली गेली, आणि मग तोच प्रघात पडला. यात आईचा दोष कमी, अज्ञानाचा अधिक. मूल रडत डोळे चोळीत असताना जे औषध त्यास शांत झोप देते, तेच औषध त्याचे नुकसान करीत असेल, असे कोणत्या आईच्या मनात येईल?

डोळ्याच्या आत एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि सूक्ष्म जाळीतून बाहेर झिरपतो. या व्यवस्थेमुळे डोळ्यातील दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान राहतो. स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे सतत घातले तर पुष्कळ लोकांत ही जाळी नीट झिरपू देत नाही. साधारणतः तीन माणसांत एकाचा दाब थोडाफार वाढतो आणि वीसांत एकाचा तो फारच वाढतो. ज्यांच्या घराण्यात काचबिंदू आहे त्यांना, तसेच लहान मुलांना, हा धोका विशेष असतो.

वाढलेल्या दाबाने मेंदूकडे जाणारा दृष्टीचा मज्जातंतू हळूहळू सुकतो. याची वेदना होत नाही, डोळा लाल होत नाही. प्रथम कडेची दृष्टी जाते आणि समोरचे दिसत राहते, म्हणून मुलास कळत नाही आणि आईलाही समजत नाही. वर्गात बाकावर आपटणे, चेंडू न दिसणे, पायरी चुकणे याकडे धांदरटपणा म्हणून पाहिले जाते. थेंब वेळीच बंद केल्यास दाब बहुधा पूर्वपदावर येतो. सुकलेला तंतू मात्र पुन्हा जिवंत करता येत नाही. स्टेरॉइडच्या दीर्घ वापराने भिंगाच्या मागील आवरणालगत मोतीबिंदूही होतो. तो शस्त्रक्रियेने काढता येतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत आणता येत नाही.

या मुलासाठी सुरक्षित मार्ग आहेत. थंड पाण्याच्या घड्या, डोळे न चोळण्याची सवय, ओलोपॅटाडिन किंवा सोडियम क्रोमोग्लायकेट यांसारखे ॲलर्जीवरील थेंब आणि गरज भासल्यास तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सायक्लोस्पोरिन. स्टेरॉइड लागलेच, तर ते थोड्या दिवसांसाठी आणि दाब मोजून द्यावयाचे असते.

स्टेरॉइडविरहित थेंबांची मर्यादा

मग दुसऱ्या वर्गाचे थेंब निर्धोक समजावेत काय? ते डोळ्यातील दाब वाढवीत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बाहुली आकसू न देणे, शस्त्रक्रियेनंतरचा ठणका कमी करणे, दृष्टिपटलाच्या मध्यभागी येणारी सूज टाळणे किंवा उतरविणे, यांसाठी ते उपयुक्त आहेत. किटोरोलॅकचा उपयोग ऋतुमानाच्या ॲलर्जीतील खाज कमी करण्यासाठीही होतो.

तथापि ते घालताना चुरचुरतात आणि बुबुळाच्या काचेवरील जखम भरून येण्यास विलंब लावू शकतात. १९९९ साली अमेरिकेत डायक्लोफेनॅकच्या थेंबांनंतर काही रुग्णांची काच वितळल्याच्या घटना उघडकीस आल्या आणि त्यातील एक उत्पादन बाजारातून काढून घेण्यात आले. डोळे कोरडे पडणारे, मधुमेही आणि संधिवाताचे रुग्ण यांनी या थेंबांबाबत विशेष सावध असावे. ज्यांना ॲस्पिरिनने दमा उसळतो त्यांनी ते डॉक्टरांस आधी सांगावे. थोडक्यात, हे थेंबही जखम न तपासता वेदना झाकणारेच आहेत.

वेदना झाकणाऱ्या इतर बाटल्या

डोळ्याची वेदना थेंबाने नाहीशी करण्याची कला जुनी आहे. १८८४ साली कार्ल कोलर या व्हिएन्नातील तरुण डॉक्टराने कोकेनच्या द्रावणाने डोळा बधिर करून दाखविला आणि शस्त्रक्रियेच्या इतिहासात नवे पान उघडले. त्याच परंपरेतील बधिर करणारे थेंब आज दवाखान्यात कण काढताना किंवा दाब मोजताना वापरतात. ते इतके गुणकारी आहेत की रुग्ण बाटली घरी मागतो. ती कधीही देऊ नये व घेऊ नये. बधिर डोळ्यास इजा कळत नाही आणि वारंवार वापराने काचेचे आवरण भरून येणेच थांबते.

डोळे पांढरे करणारे थेंब निराळे. त्यांतील नॅफॅझोलिनसारखे द्रव्य रक्तवाहिन्या आकसवते आणि लाली तात्पुरती झाकते. सतत वापरल्यास औषध ओसरताच लाली अधिक जोमाने परत येते.

प्रतिजैविक व स्टेरॉइड एकत्र असलेल्या बाटल्या आपल्याकडे विपुल आहेत. प्रतिजैविक आहे म्हणजे संसर्गाची काळजी नाही, हा समज चुकीचा होय. जीवाणूंवरील प्रतिजैविक बुरशीवर आणि विषाणूवर चालत नाही, आणि स्टेरॉइड आपले काम करीतच राहते. बाटलीच्या मोठ्या अक्षरांतील नावावर न जाता खालची बारीक अक्षरे वाचावीत आणि वर दिलेल्या नावांपैकी एखादे त्यांत आहे काय, ते पाहावे.

साथ आणि थेंब

डोळ्यांची रक्तस्रावी साथ प्रथम १९६९ साली आफ्रिकेतील घानामध्ये उद्भवली आणि १९७१ साली ती भारतात पसरली. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाचे ते वर्ष असल्यामुळे बंगालमध्ये लोकांनी तिला ‘जय बांगला’ असे नाव दिले. २०२३ च्या पावसाळ्यातही देशाच्या अनेक राज्यांत डोळे येण्याची मोठी साथ आली होती. अशा साथी मुख्यत्वे विषाणूंच्या असतात आणि बहुतेक रुग्ण आठवडा-दीड आठवड्यात बरे होतात. हात वारंवार धुणे, टॉवेल व उशी वेगळी ठेवणे, मुलास काही दिवस शाळेत न पाठविणे आणि थंड घड्या ठेवणे एवढ्याने काम भागते. साथीत स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून घालू नयेत. एकच बाटली घरातील सर्वांच्या डोळ्यांत फिरविणे म्हणजे औषधाबरोबर रोगही वाटणे होय.

चिठ्ठी लिहिण्यापूर्वी डॉक्टर काय पाहतात?

दृष्टी प्रथम तक्त्यावर तपासली जाते. नंतर सूक्ष्मदर्शकयुक्त दिव्याने डोळ्याचा थर न् थर पाहिला जातो. फ्लुओरेसिन हा नारिंगी रंग काचेवर लावून निळ्या उजेडात पाहिले असता, जेथे आवरण खरवडले आहे ती जागा हिरवी चकाकते. ओरखडा, व्रण की विषाणूची फांदी, ते तेथे स्पष्ट होते. व्रण असल्यास त्याचा अंश काढून बुरशी वा जीवाणूंसाठी तपासतात. शेवटी डोळ्यातील दाब मोजतात. हे सारे काही मिनिटांचे काम आहे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तसेच म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून तेथे जाण्याचा सल्ला घेता येतो.

थेंब कसे घालावेत?

औषध योग्य असूनही घालण्याची रीत चुकल्यास ते वाया जाते. पुढील क्रम पाळावा.

१. हात साबणाने धुवावेत. बाटलीवरील नाव व मुदत वाचावी.

२. काही बाटल्यांच्या टोपणातच टोक असते. टोपण घट्ट फिरविले की छिद्र पडते. सुईने वा टाचणीने छिद्र पाडू नये.

३. औषध दुधाळ असेल तर बाटली चांगली हलवावी. प्रेडनिसोलोन ॲसिटेटसारख्या औषधाचे कण तळाशी बसतात. न हलविता घातल्यास आरंभी नुसते पाणी आणि शेवटी दाट औषध डोळ्यात जाते.

४. मान मागे करून खालची पापणी हलकेच ओढावी आणि तेथे झालेल्या खाचेत एकच थेंब टाकावा. या खाचेत एक थेंबदेखील पुरता मावत नाही. दोन-तीन थेंब टाकल्याने अधिक गुण येत नाही. औषध गालावर ओघळते एवढेच.

५. बाटलीचे टोक पापणीस, डोळ्यास वा बोटास लागू देऊ नये.

६. डोळा अलगद मिटून नाकालगतचा कोपरा बोटाने एक ते दोन मिनिटे दाबून धरावा. त्यामुळे औषध अश्रुनलिकेतून नाकाघशात उतरत नाही.

७. दोन औषधे असतील तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत. मलम असल्यास ते शेवटी लावावे.

८. उघडलेली बाटली एक महिन्यानंतर टाकून द्यावी. १९४५ च्या औषधविषयक नियमांनुसार डोळ्यांच्या थेंबांच्या वेष्टनावर ही सूचना छापणे बंधनकारक आहे. जळजळ राहिली किंवा वाढली तर औषध थांबवून डॉक्टरांस भेटावे, असा इशाराही तेथेच असतो. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवण्याची सवय उत्तम.

या खुणा दिसताच विलंब नको

खोलवर ठणका, दृष्टी धूसर होणे, उजेड न सोसणे, बुबुळाच्या काचेवर पांढरा ठिपका, बाहुली लहान, वेडीवाकडी किंवा दुसऱ्या डोळ्याहून वेगळी दिसणे, डोळ्यास मार वा शेतातील कचऱ्याची इजा, काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा लाल डोळा, शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात पुन्हा लाली. यांपैकी एकही खूण असली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांस गाठावे.

डोळा दगडासारखा कठीण लागणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, अर्धे डोके दुखणे व वांत्या होणे ही एकाएकी उसळलेल्या काचबिंदूची लक्षणे असू शकतात. पित्त समजून घरी थांबल्यास काही तासांतच दृष्टीचे कायमचे नुकसान होऊ शकते. चुना, ॲसिड वा अन्य रसायन डोळ्यात गेल्यास औषध शोधत बसू नये. तेथल्या तेथे स्वच्छ पाण्याने किमान पंधरा ते वीस मिनिटे डोळा धुवावा, चुन्याचे कण दिसल्यास ते वाहून जाऊ द्यावेत आणि मग रुग्णालय गाठावे. लिंबू, मध, एरंडेल, कांद्याचा रस यांपैकी काहीही दुखऱ्या डोळ्यात घालू नये.

उपसंहार

पुन्हा त्या फार्मसीकडे वळू. समजा, फळीमागच्या फार्मसिस्टने बाटली न देता तिघांनाही एकच प्रश्न विचारला, “डोळा कोणाला दाखविला आहे का?” आणि चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड देण्याचे नाकारले. गिऱ्हाईक नाराज होईल, कदाचित पुढच्या दुकानात जाईल. परंतु त्या नकाराने शिक्षकांना योग्य औषध योग्य मात्रेत मिळेल, शेतकरी स्त्रीच्या व्रणातील बुरशी वेळीच ओळखली जाईल आणि मुलाच्या डोळ्यातील दाब पहिल्यांदाच मोजला जाईल.

वेदना नकोशी असते, पण ती निरोप घेऊन आलेली असते. दाहशामक थेंब तो निरोप थांबवू शकतात. म्हणून तो आधी वाचून घ्यावा. घरातील फडताळात डोळ्यांच्या थेंबांची जुनी, अर्धी बाटली असेल, तर हा लेख वाचून होताच ती काढून टाकावी, आणि घरात वर्षानुवर्षे डोळे चोळणारे मूल असेल, तर त्याच्या डोळ्यातील दाब एकदा मोजून घ्यावा, एवढी वाचकांस विनंती आहे.